किटलीतलं पाणी

"शेवटचा हात कुणी लावला होता?" आत्याने विचारलं.

समोर मिक्सर नव्हता, माझ्या बायकोचा हायड्रेंजिया होता. आत्या गॅलरीत कुंडीपुढे उकिडवी बसली होती आणि झाडाच्या बुंध्यात डोकावत होती. बिघडलेली कुठलीही वस्तू हातात आली की तिचा पहिला प्रश्न हाच असतो. जन्मभर एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तिने यंत्रं सांभाळली. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आली ती पान्यांच्या पेटीसकट. तेव्हापासून फ्रिजच्या दाराचं रबर, मिक्सरची पाती, ओव्हनची जाळी, सगळं तिच्या ताब्यात. घरातलं एखादं यंत्र आचके देऊ लागलं की तिच्या चेहऱ्यावर तजेला येतो, असं मी म्हणतो. "गप रे," असं ती म्हणते.

"कुणीच नाही लावला हात," बायको म्हणाली. "म्हणून तर कळत नाहीये."

हे झाड माझ्या सासूबाईंचं. त्यांनी ते लावलं हिच्या लग्नानंतर, आणि हिचं माहेरी जाणं व्हायचं ते थंडीत, तेव्हा झाडाच्या नुसत्या काड्या. सासूबाई गेल्या, घर विकलं, तेव्हा ही एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. तिला फुलं आली ती आमच्या गॅलरीत, निळीशार. सासूबाईंना निळ्याचं वेड. पडदे निळे, बशा निळ्या. ही कुंडीला धरून रडली होती, "आईच आली," म्हणाली होती. मी काहीतरी गंमत करायला तोंड उघडलं आणि शहाण्यासारखं मिटलं.

त्यानंतर फुलं दरवर्षी निळीच आली. यंदा मात्र गुलाबी. दिसायला छानच, पण ही सकाळी उठून त्यांच्याकडे बघायची आणि तोंड फिरवून आत यायची.

"माती बदललीस?" आत्याने तपास सुरू केला.

"नाही."

"खत? जागा?"

"तेच खत, तीच जागा. नर्सरीवाला म्हणतो, माती आंबट असली की निळी येतात. मी कुठे काय आंबट घालत होते?"

मलाही आता उत्सुकता वाटू लागली. आत्याने चष्मा काढला, बाहीला पुसला, परत घातला. बिघाड सापडला की ती हमखास "हं" करते. या वेळी तिने "हं" केलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "असेल काहीतरी. येतील पुढच्या वर्षी."

आत्या हात टेकते हे मी पहिल्यांदाच बघत होतो. तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो.

"काय लपवतेयस?"

"हळू बोल," ती म्हणाली. तिने विजेची किटली उचलून मला आत दाखवली. तळाशी क्षारांचा पांढरा थर होता. "हा काढायला लिंबूसत्त्व घालून पाणी उकळते मी. ते पाणी आधी कुंडीत ओतायचे. वाया कशाला घालवायचं? मागल्या वर्षी तिनं बघितलं. म्हणाली, आत्या, माझ्या आईच्या झाडाला असलं घाण पाणी नको. बरोबर होतं तिचं. तेव्हापासून सिंकमध्ये ओतते."

"मग सांग की तिला!"

"काय सांगू? तुझ्या आईचा निळा रंग माझ्या किटलीतला होता म्हणून? जीभ रेटेल का माझी?"

बायको दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने सरळ फोन उचलला आणि भावाला लावला. स्पीकर चालूच होता.

"दादा, आईकडच्या हायड्रेंजियाची फुलं कुठल्या रंगाची होती रे?"

"गुलाबी. का गं?"

"निळी नव्हती?"

"छे! निळ्यासाठी आईनं काय नाही केलं? कुंडीत गंजके खिळेसुद्धा पुरले. कळ्या आल्या की रोज वाट बघायची, आणि गुलाबी फुललं की तोंड फुगवून बसायची. शेवटपर्यंत काही निळं आलं नाही बघ."

तिने फोन ठेवला. मग आत्या चाचरत म्हणाली, "म्हणजे आता आलाय तोच तुझ्या आईकडचा रंग. राहू दे गं. मी नाही आता त्यात हात घालत."

"आत्या, तिला निळीच हवी होती हो," बायको म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "तुमच्या हातून आली, आणि मीच बंद पाडली."

आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग काय करावं ते न सुचून तिने किटलीत पाणी भरलं, लिंबूसत्त्व घातलं आणि बटण दाबलं.

पाणी उकळलं तशी बायकोने किटली उचलली आणि तरातरा गॅलरीत गेली. ओतणार इतक्यात आत्याने मागून तिचं मनगट धरलं.

"अगं, मुळं भाजतील. निवू दे आधी."

मग दोघी किटली मध्ये ठेवून जमिनीवर बसल्या आणि पाणी निवायची वाट बघत राहिल्या.