वाळत घातलेला फणस

"काका, तुमचा फणस पुन्हा गळतोय!"

खालच्या मजल्यावरून सीमाचा आवाज आला तेव्हा रमाकांत पेडणेकर बशीत चहा ओतत होते. आवाजात तक्रार होती, पण त्यांचा चेहरा उजळला. बशी तशीच हातात घेऊन ते गॅलरीच्या कठड्यावरून वाकले.

"किती गळतोय?"

"किती म्हणजे? धुतलेल्या ड्रेसवर पांढरे डाग पडलेत, बघा! हा घालून ऑफिसला जाऊ?"

"चीक असेल गं. लाकूड वाळायला लागलं की पाणी सोडतं. चांगलं लक्षण आहे."

"एवढं पाणी?"

"जातिवंत लाकूड आहे. मनात बरंच साठलेलं असतं."

सीमाने कपडे दोरीच्या दुसऱ्या टोकाला सरकवले आणि जातिवंत लाकडाबद्दल जे काय म्हणायचं ते तोंडातल्या तोंडात म्हणून घेतलं. काका-काकूंवर तिचा जीव होता, म्हणून ते वर ऐकू आलं नाही.

फणस चाळीच्या अंगणातला. रमाकांतशी लग्न होऊन लतिका परळला आली तेव्हा मालवणहून तिने एक आठळी आणली होती. ती डालड्याच्या डब्यात रुजली आणि मग अंगणात गेली. रोज सकाळी भाताचे तांदूळ धुतले की ते पाणी ती फणसाला घाली. दोघांना मूल नव्हतं. फणसाने ती उणीव भरून काढली म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण फणसाला ताप आला असता तर लतिकाने उपास धरला असता, हे नक्की. दुपारी ती त्याच्या बुंध्याला टेकून तांदूळ निवडत बसे.

मेच्या वावटळीत फणस आडवा झाला. पडण्यासाठी त्याने सगळं अंगण सोडून सेक्रेटरीची स्कूटर निवडली. फणसाचा तो शेवटचा सार्वजनिक निर्णय, आणि चाळीत तो एकमताने मान्य झाला.

फांद्या पालिकेची माणसं घेऊन गेली. लतिकाचं विसरणं मात्र त्या दिवसापासून उतारावरच्या हातगाडीसारखं सुटलं. आधी नावं गेली, मग वार गेले, मग परळची मराठी गेली आणि माहेरची मालवणी तेवढी उरली. "माजो फणस खंय गेलो?" म्हणत ती घराबाहेर पडे. कधी करी रोडच्या पुलावर सापडे, कधी बस डेपोत. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या वस्तूपाशी बसवा, हातांना आठवतं. रमाकांतनी उभी हयात इस्पितळाच्या भांडारात चादरी वाटल्या होत्या. डॉक्टरांचं वाक्य खरं मानायची त्यांना सवय होती. फणसाचं बाकडं करायचं, त्यांनी ठरवलं.

अडचण एवढीच होती की गणपती झाले की चाळ रिकामी करायची होती. बिल्डर टॉवर बांधणार आणि तोवर सगळ्यांना अँटॉप हिलच्या एका इमारतीत खोल्या. तिथे अंगण नाही, गॅलरी नाही. खोली एवढी की दोन माणसं आणि एक बाकडं राहील. ओले ओंडके राहणार नाहीत.

टेम्पोने बुंधा रे रोडला नेला. वखारवाल्या आनंदाने करवतीखाली तो चिरला तेव्हा आतून पिवळाधमक रंग निघाला. गऱ्यांचाच रंग. रमाकांत बघतच राहिले.

"आजोबा, सावलीत रचा," आनंदा म्हणाला. "दोन फळ्यांमध्ये पट्ट्या टाका, वारा खेळला पाहिजे. तोंडांना ऑइलपेंट मारा, नायतर तडकतील. आणि पाणी लागू देऊ नका. बाकी काय नाय, इंचामागे एक वर्ष धरा."

"गणपतीपर्यंत होईल का?"

"या गणपतीपर्यंत? मग गणपतीलाच सांगा."

फळ्या गॅलरीत रचल्या गेल्या. वर प्लास्टिक, बाजूला टेबलफॅन. घरात दोघं घामाने भिजत आणि फणस पंख्याचा वारा खाई. खालून सीमाची तक्रार आली की रमाकांतना वाटे, निघतंय, पाणी निघतंय. मग ते चाळीतल्या राजाराम सुताराला बोलवत. राजाराम बोटाच्या पेराने फळी वाजवी.

"काका, टण् आवाज यायला पाहिजे. हा भद् येतो."

"जरा हळू वाजवलंस का?"

"जोरात वाजवून फळी सुकत नाय, काका. आणि ओलं जोडलं तर बाकडं सुकता सुकता स्वतःच उठून जाईल. आधी होती त्याच्यापेक्षा ही जास्त ओली वाटते, काय कळत नाय."

श्रावण लागला. रमाकांतची झोप उडाली. लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती हॅलोजन लावून सुकवतात, म्हणून मालकाच्या हातापाया पडून त्यांनी एक फळी तिथे नेऊन ठेवली. दोन मूर्तींच्या मध्ये उभी. दुसऱ्या दिवशी गेले तर फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उकललेली. "बार फुटल्यासारखा आवाज झाला," कारागीर म्हणाला, "आम्हाला वाटलं मूर्तीच गेली." रमाकांतनी दोन्ही तुकडे काखेत धरले आणि लालबाग ते परळ चालत आले. वाटेत ओळखीच्यांनी विचारलं, काय झालं; "काही नाही, जरा घाई झाली," ते सांगत होते.

मग एका सकाळी दूध आणायला निघालेले रमाकांत पिशवी विसरली म्हणून जिन्यातून परत फिरले.

लतिका गॅलरीत होती. प्लास्टिक नीट दुमडून तिने बाजूला ठेवलं होतं, पंखा बंद केला होता. हातात तांब्या. तांदळाचं पांढरं धुवण ती फळ्यांवर सोडत होती, हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत, झाडाच्या आळ्यात सोडावं तसं.

"पी रे बाबा," ती म्हणत होती. "आडवो पडलंस म्हणान काय झाला?"

रमाकांतनी तांब्या हिसकावला. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्यावर ओरडले. "कळतं का तुला काय करतेयस? तुझ्यासाठी मरतोय मी इथे!" आवाज सगळ्या चाळीने ऐकला. लतिका भिंतीला चिकटून उभी राहिली, बाईने अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"तेका तान लागली हा," एवढंच ती म्हणाली.

तांब्या कपाटात गेला, गॅलरीच्या दाराला कडी लागली. दुपारी रमाकांतचा डोळा लागला तेवढ्यात लतिका पुढच्या दाराने निघून गेली.

पूल, डेपो, मंडई, सगळं पालथं घातलं. रमाकांत प्रत्येक झाडाखाली बघत होते. ती इस्पितळाच्या फाटकाशी सापडली, एका मोठ्या शिरीषाखाली. त्याच्या बुंध्यावरून हात फिरवत होती. वॉचमनने स्टूल दिलं होतं, त्यावर बसली नव्हती.

"हो माजो न्हय," तिने रमाकांतना सांगितलं.

"नाही गं. तुझा घरी आहे."

दुसऱ्या दिवशी दुधाला जाताना रमाकांतनी तांब्या कपाटातून काढला, तांदूळ धुऊन त्याचं पाणी भरलं आणि ओट्यावर ठेवला. गॅलरीची कडी काढली. पंखा उचलून घरात आणला. दूध आणायला त्या दिवशी त्यांनी बराच वेळ लावला.

लतिका त्यानंतर कुठे गेली नाही.

गणपती झाले. चाळ एकेक बिऱ्हाड करून रिकामी झाली. निघायच्या सकाळी राजाराम शेवटचा वर आला. त्याने फळी वाजवली नाही, नुसतं नख रुतवलं. नख आत गेलं.

"कुजली, काका. आता जळणाला पण कोण घेणार नाय. सोडा इथेच."

"सोडतो," रमाकांत म्हणाले.

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. गाद्या चढल्या होत्या. लतिकाला हाताला धरून आणायला ते गॅलरीत गेले, तर ती रचलेल्या फळ्यांशी उकिडवी बसली होती. वरच्या फळीवर अळंब्या उगवल्या होत्या, पांढऱ्या, कोवळ्या, झुपक्याने.

"अवो," तिने हाक मारली. कित्येक महिन्यांत तिने त्यांना अशी हाक मारली नव्हती. "फुटलो बघा! मी म्हणी ना तुमका, मरूचो नाय तो."

रमाकांत तिच्याशेजारी बसले. गुडघे वाजले. त्यांनी चष्मा कपाळावर घेऊन अळंब्या नीट बघितल्या.

"फुटला खरा," ते म्हणाले.

हॉर्न पुन्हा वाजला. तांब्या त्यांनी हातपिशवीतच ठेवला होता. तो काढून त्यांनी गॅलरीतल्या नळाखाली भरला आणि तिच्या हातात दिला. सीमाचं बिऱ्हाड आदल्याच दिवशी गेलं होतं, खाली नुसती दोरी होती. तरी ते कठड्यावरून वाकले.

"सीमा, कपडे काढ गं," त्यांनी खाली हाक मारली. "काकू पाणी घालतेय."