दोन जानेवारीला शाळा उघडेल

नाताळ म्हणजे काय, हे आमच्या गावात एकालाही धड सांगता आलं नसतं. नाताळची सुट्टी मात्र पोरासोरांनाही ठाऊक होती. साहेबाचा देव जन्माला यायचा आणि आमची पोरं वालाच्या शेतात गुरं हाकायला बसायची. तेवढाच त्या देवाचा नि आमचा संबंध.

माझे यजमान, अंबाजी मास्तर, लोकल बोर्डाच्या शाळेत एकटेच शिक्षक होते. गाव रेवदंड्याच्या खाडीला लागून. अर्धी वस्ती भातशेती करणाऱ्यांची, अर्धी मचवेवाल्या मुसलमानांची. शाळा चौथीपर्यंत, आणि शाळेच्या मागच्या खोलीत आमचा संसार. माणूस सज्जन, पण सूचना देण्याची भारी हौस. मी माहेरी निघाले तरी बंदरावर उभे राहून सूचना द्यायचे, जशी काही मी विलायतेला चालले होते. सुट्टी लागायच्या आधी आईबापांना शाळेच्या ओट्यावर बोलावून सूचना वाचून दाखवायच्या, ही पद्धत त्यांनीच पाडलेली. लोक यायचेही. शेवटी गूळखोबरं मिळायचं, हे त्यातलं खरं कारण.

त्या वर्षी, म्हणजे एकोणतीस साली, चौथीत राही होती. कोंडाजीची मुलगी, अकरा सरून बारावं लागलेलं. आमच्या शाळेत चौथीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी तीच. बाकीच्या मुली दुसरी-तिसरीत गळायच्या. धाकटं भावंड झालं, गळाली. आई आजारी पडली, गळाली. ही चिकटून राहिली. जानेवारीत शाळा तपासणारे डिप्टीसाहेब परीक्षेला येणार होते. त्यांच्यासमोर ही पास झाली, की पुण्याच्या मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजासाठी तिचं नाव पुढे करायचं, असं ह्यांनी मनाशी धरलं होतं. डिप्टी येतील तेव्हा पोर जाग्यावर बसलेली हवी, बस. रात्री जेवताना तेच, सकाळी दात घासताना तेच.

मला राही आवडायची ती निराळ्या कारणाने. ती मला वाचायला शिकवत होती. माझं लग्न आठव्या वर्षी झालं, पाटीशी गाठ कधी पडलीच नाही. ह्यांनी दोनदा शिकवायला घेतलं, आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी आमचं भांडण झालं. राही दुपारी यायची, माझ्या शेजारी बसायची आणि पुस्तकावर बोट ठेवायची. "बाई, घाई नको. बघा आधी, मंग बोला." हे वाक्य तिने ह्यांच्याकडूनच उचललेलं. पण तिच्या तोंडून मला ते सोसायचं. असं करत आम्ही जोडाक्षरांपर्यंत आलो. तिथे माझं घोडं अडलं. राही म्हणाली, "ह्ये सुट्टीनंतर घेऊ. सुट्टीत मना वालाची राखन हाय."

दिवाळीच्या सुमाराला अलिबागहून आलेल्या वर्तमानपत्रात ह्यांनी बातमी वाचली. चौदा वर्षांच्या आत मुलीचं लग्न केलं तर गुन्हा, असा कायदा झाला होता. सरकार बापाला धरणार, दंड करणार, तुरुंगात घालणार. ती वाचून हे ओट्यावरून उठून आत आले आणि चुलीपुढे उभे राहून मला पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. "राहीचं काम झालं," म्हणाले. मलाही आनंद झाला. मी शिरा केला. आमच्या घरात शिरा वर्षातून दोनदा व्हायचा.

सूचनांच्या दिवशी ओटा भरला होता. मी नेहमीसारखी दाराआड खोबरं कातत बसले. ह्यांनी सुरुवात केली. शाळा नाताळनिमित्त बंद राहील. दोन जानेवारीला उघडेल. त्या दिवशी जो हजर नसेल, त्याचं नाव हजेरीतून कमी होईल. देवी काढणारे लस टोचायला येतील, तेव्हा पोरं माळ्यावर लपवू नयेत. यावर बायका हसल्या, कारण मागल्या वर्षी ठमाबाईने, म्हणजे राहीच्याच आईने, धाकट्याला भाताच्या कणगीत बसवला होता. पाट्यांचा उपयोग ताटलीसारखा करू नये. शेतात वालाच्या शेंगा भाजतात त्या पोपटीच्या जाळाशी पोरांना एकटं सोडू नये, गेल्या साली एकाचा सदरा जळला. हे सगळं लोक ऐकत होते, म्हणजे गुळाकडे बघत होते.

मग हे खाकरले आणि म्हणाले, आता शेवटची आणि महत्त्वाची सूचना. कायदा सांगितला. दंड सांगितला. तुरुंग दोनदा सांगितला. ओट्यावर एकदम शांत झालं. ह्यांना वाटलं, पटलं.

कोंडाजी खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "मास्तर, ह्यो कायदा लागतो कवापास्नं?"

"एक एप्रिलपासून."

"म्हंजे पाडव्याच्या आसपास."

"हो, त्याच सुमाराला."

"आन त्याच्या आदी झालेलं लगीन?"

आमचे मास्तर खोटं बोलणारे नव्हते. एवढा एक दिवस बोलले असते, तर त्यांचं काय वाटोळं होणार होतं? पण नाही. स्वच्छ आवाजात म्हणाले, "त्याआधी झालेल्याला कायदा लागू नाही."

"मंग बरं हाय," कोंडाजी म्हणाला आणि उठला. त्याच्यामागे दुसरा उठला, तिसरा उठला. गूळखोबऱ्याचं ताट घेऊन मी बाहेर आले, तेव्हा ओट्यावर चार म्हाताऱ्या आणि एक कुत्रं उरलं होतं. हे म्हणाले, "बघ, किती गांभीर्याने घेतलं लोकांनी."

खरंच गांभीर्याने घेतलं होतं. मार्गशीर्ष संपत आलेला. मग पौष, पौषात लग्न नाही. माघात थांबावं, तर सारा जिल्हा तुटून पडणार, भटजी मिळणार नाही. आणि ज्यांचे मुलगे मुंबईला साहेबांच्या कचेऱ्यांत होते, त्यांना रजा नाताळचीच. राहीचा भाऊ सदू अशाच एका कचेरीत शिपाई होता. तेव्हा साऱ्यांच्या सोयीचे दिवस म्हणजे आमच्या शाळेच्या सुट्टीचे. सुट्टी लागली त्याच संध्याकाळी पहिला ताशा वाजला.

सिराजुद्दीनचा मचवा एरवी मुरुडहून नारळ आणायचा. त्या आठवड्यात तो खाडीतून नुसती वऱ्हाडं नेत-आणत होता. त्याने आपल्या शहरबानूचा निकाहही उरकून घेतला. ती दुसरीत होती. खजूर घेऊन तो आमच्या दारी आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमची मेहेरबानी. वख्तावर सांगितलात, न्हायतर आमी अंधारातच होतो." ह्यांनी खजूर हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. तो गेल्यावरही उभेच होते.

मग कळलं, की राहीचंही ठरलं. रोह्याच्या बाजूचं घर, सासू थकलेली, कामाला माणूस हवं, म्हणून लग्न होताच पोरीला घेऊन जाणार.

हे तडक कोंडाजीकडे गेले. मीही मागे गेले, कारण ह्यांना एकट्याला सोडण्यात अर्थ नव्हता. कोंडाजी अंगणात मांडवाच्या मेढी पुरत होता. त्याने हात झटकून आम्हांला घोंगडी टाकली. हे म्हणाले, निदान डिप्टी येऊन जाईपर्यंत थांब. महिनाभराची तर गोष्ट. पोर मास्तरीण होईल, सरकार पगार देईल.

कोंडाजी आमच्यासमोर उकिडवा बसला. तो वाईट माणूस नव्हता. राहीला खांद्यावर बसवून चिखलातून शाळेत आणून सोडताना मी त्याला पाहिलेलं आहे. म्हणाला, "मास्तर, मना पोर जड झाली न्हाय. पन गावात सगल्यांनी उरकून घेतलं. पोर चवदाची व्हईस्तवर मी थांबलो, तर तवा पोरगा ऱ्हाईल कुठं? चांगले पोरगे सगले आताच जानार. मंग माझी पोर कुनाला देऊ?"

"ती शिकेल, कोंडाजी."

"शिकंल. पास व्हईल. आन लगीन ऱ्हायलं, तं ऱ्हायलंच."

ह्यांच्याकडे त्यावर सूचना नव्हती. मला वाटलं, मी तरी काही बोलावं. पण काय बोलणार? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्याच्या-त्याच्या अंगणात मांडव पडत होता, आणि जो थांबेल त्याचीच पोर मागे राहणार होती. हे सगळं आमच्या ओट्यावरून सुरू झालेलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, दुसरं काय.

लग्नाच्या आदल्या दिवशी राही आमच्याकडे आली. अंगाला हळद लागलेली, हातभर हिरव्या बांगड्या, आणि बांगड्यांचा आवाज होतो म्हणून स्वतःच लाजत होती. मी तिच्या ओंजळीत खारका घातल्या. ती म्हणाली, "बाई, शाला दोन तारखेला उघडतेय ना? मी आयेला बोललंय, सासूला सांग, दोन तारखेला मना धाडा. न्हायतर नाव कमी व्हतं."

मी म्हटलं, "हो."

"तुमी जोडाक्षरं नुसती बघून ठिवा. मी आली का घेऊ."

मी पुन्हा हो म्हटलं. ती गेल्यावर मला स्वतःची इतकी चीड आली, की मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच परत घासली.

लग्नाला हे गेले, मी गेले नाही. परत आल्यावर मी विचारलं, "अक्षता टाकल्यात?"

"टाकल्या," म्हणाले. "सगळे टाकत होते."

दोन जानेवारीला ह्यांनी घंटा दिली. सूचनेप्रमाणे शाळा उघडली. मुलगे आले, गुडघ्यांना राख, तोंडाला वालाच्या शेंगांचा वास. मुलींच्या बाजूचं तरट हे स्वतः झटकून टाकून आले होते. त्यावर सिराजुद्दीनची चार वर्षांची धाकटी तेवढी येऊन बसली, कारण घरात तिच्याशी खेळायला कुणी उरलं नव्हतं. हजेरी घेताना हे राहीच्या नावाशी थांबले. मग पुढचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबले. पुढे थांबणंही बंद झालं.

डिप्टीसाहेब ठरल्याप्रमाणे आले. परीक्षा घेतली, पोहे खाल्ले, रिकाम्या तरटाकडे बघून विचारलं, "मुली कुठे आहेत?" ह्यांनी सांगितलं. साहेबांनी मान हलवली. फार वाईट वाटलं त्यांना, खरंच वाटलं. निघताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, पालकांना वेळेवर माहिती देत चला हो. अज्ञान आहे सगळं." हे हो म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

त्या उन्हाळ्यात मी जोडाक्षरं शिकले. हे शिकवायचे आणि मी शिकायची, भांडण एकदाही झालं नाही. भांडण्याइतका जीवच उरला नव्हता आमच्यात. पावसाळा संपेस्तोवर मी ते अख्खं पुस्तक वाचत होते.

पुढल्या नाताळाआधी हे पुन्हा ओट्यावर सूचना वाचायला उभे राहिले. मी म्हटलं होतं, यंदा राहू द्या. पण बोर्डाचा हुकूम आणि अंगाची सवय. शाळा बंद राहील, दोन जानेवारीला उघडेल, देवी काढणारे येतील. आवाज कसा तर पाणी भरणाऱ्या माणसासारखा, एक घागर झाली, दुसरी उचलली. वाचून झाल्यावर कोंडाजी खांबाजवळून अगदी मनापासून म्हणाला, "मास्तर, औंदा नवीन कायदा काय हाय का? असला तं आदीच सांगा, म्हंजे तयारी करता येतं." लोकांनी माना डोलावल्या. हे म्हणाले, "नाही." आणि गूळ वाटायला मला हाक मारली.

ताट घेऊन बाहेर आले, तर बायकांत राही उभी. चार दिवसांसाठी माहेरी आलेली. उंच झाली होती आणि सुकली होती. लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. तिने आईबापांच्या सूचना आईबापांत उभं राहून ऐकल्या होत्या. गूळ घेताना म्हणाली, "बाई, कुठवर आलाव?"

मी म्हटलं, "तिथंच आहे. तू होतीस तिथं."

का खोटं बोलले, ते मला तेव्हाही कळलं नाही. तिचा चेहरा मात्र वर्षामागे होता तसा झाला, तेवढा मी पाहिला. "आना पुस्तक," म्हणाली. सगळे गेल्यावर आम्ही मागच्या दारी बसलो. तिने पदराला हात पुसले, पान काढलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोटाला कोयत्याचा जुना घाव होता. "घाई नको," ती म्हणाली. "बघा आधी."

आम्ही दोघी बघत राहिलो. तिने बोट पुढे सरकवलं, मग मागे आणलं. एकदा ओठ हलवले. बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर गेलं आणि तिथंच राहिलं. बाहेर वालाच्या शेतावरून कुणीतरी गुरांना हाका घालत होतं. मला ते पान तोंडपाठ होतं. मी नुसता पहिला शब्द पुटपुटले असते, तरी कदाचित तिला पुढचं आठवलं असतं. पण मग तिला कळलं असतं, की मला तिची गरज उरलेली नाही. मी गप्प बसले.

तिने बोट उचललं आणि म्हणाली, "बाई, उजेड कमी हाय. उंद्या घेऊ."

मी म्हटलं, "हो, उद्या घेऊ."

ती पुस्तक मिटून, पदर सारखा करून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच सासरचा माणूस तिला न्यायला आला.