पंधरा ते वीस मिनिटं

वकीलबाई आल्या त्या मंगळवारी माझे गुडघे इतके ठणकत होते, की कुणी नोबेल देतो म्हणालं असतं तरी मी म्हटलं असतं, इथे खुर्चीपाशी आणून दे. वय बासष्ट. त्यातली बावीस वर्षं लॅव्हर्टनच्या या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. शुक्रवारी मी निवृत्त होणार होते आणि मला जगाकडून फक्त तो शुक्रवार हवा होता.

आम्ही पडदे बनवतो. खिडकीचे नव्हेत. कागदाहून पातळ, आणि छिद्रं इतकी बारीक की डोळ्याला पडदा कोराच दिसतो. खाडीपलीकडच्या रिफायनरीत वंगणाच्या तेलातलं मेण काढायला त्यात पातळ द्रावक मिसळतात. मेण निघालं की ते द्रावक परत वेगळं करायचं. पूर्वी त्यासाठी सगळं उकळत बसायचे, गॅस नुसता जाळायचा. आमच्या पडद्यातून द्रावक झिरपतं आणि तेल मागे राहतं. हे एवढं सोपं काम सोपं करायला आम्हाला चौदा महिने लागले, कारण पडद्यात एक जरी भोक मोठं राहिलं तरी तेल नेमकं तिथूनच पळ काढतं.

मोठं भोक शोधायची रीत अशी: पडदा भिजवायचा, खालून हवेचा दाब हळूहळू वाढवायचा आणि वर डोळे लावून बसायचं. पहिला बुडबुडा जिथे येतो तिथे सगळ्यात मोठं भोक. चौदा महिने मी बुडबुडे पाहिले. लिंडसे गॅरो माझ्या पाठीशी उभा असायचा. तो आमचा डॉक्टर, औषधाचा नव्हे, रसायनाचा.

"आला?"

"आला."

"किती लवकर?"

"तुझा प्रश्न संपायच्या आत."

काचेवर द्रावणाचा पातळ थर ओतून ती पाण्यात बुडवली की पडदा धरतो. अशी तीनशे बारावी काच झाली आणि तिच्यावरच्या पडद्याला बुडबुडा आलाच नाही. दाबाचा काटा टोकाला जाऊन टेकला तरी पाणी शांत. लिंडसेने मला मिठी मारली. त्याआधीही नाही आणि त्यानंतरही नाही, तेवढी एकदाच.

त्या काचेची एक गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. बाहेर बोलायची बंदी होती, पण नाताळच्या बार्बेक्यूला लिंडसे ती दरवर्षी सांगायचा. एकदा तर दोनदा. नोरीनने, म्हणजे मी, काचेवर द्रावण ओतलं, लगेच पाण्यात बुडवायची ती काच, तर बाई टेबलावर विसरून दहाच्या स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीला, गेली. चहा पिऊन आली आणि मग बुडवली. आणि तोच पडदा निघाला! "जगातली सगळ्यात उपयोगी विसरभोळी बाई," असं म्हणून तो ग्लास उचलायचा. यंत्रावरचा क्लॅरी ओरडायचा, "नोरीन, चाव्या कुठे ठेवल्यास?" सगळे हसायचे, आणि मीही हसायची.

आता खरं सांगते. मी विसरले नव्हते.

आमच्या प्रयोगशाळेत हवा एकवीस अंशांवर आणि कोरडी ठक्क ठेवलेली असते. त्या हवेत ओतलेला थर वरून पटकन वाळतो, ओढला जातो आणि बारीक बारीक फाटतो. चौदा महिने मी ते बघत होते. बघता बघता मला कस्टर्ड आठवलं. माझी आई कस्टर्ड उतरवलं की त्यावर ताटली झाकायची, म्हणजे आतली वाफ वरच राहते आणि साय धरत नाही. मला वाटलं, याला झाकण हवंय. वाफेचं झाकण.

आणि वाफ होती चहाच्या खोलीत. जुलै महिना, म्हणजे इथली ऐन थंडी, बाहेर पाऊस, दारं-खिडक्या बंद, खुंटीवर दहा ओले कोट आणि कोपऱ्यात पाण्याचा बंब सकाळपासून रटरटतोय. मी काच ट्रेमध्ये ठेवली, वर टॉवेल टाकला आणि स्मोकोला उठताना सोबत नेली. बंबाशेजारच्या फळीवर ठेवली, टॉवेल काढला. चहा प्यायले. परत आणून बुडवली.

पण ते द्रावण पेटणारं. ते घेऊन बंबाजवळ जाणं म्हणजे त्याच दिवशी गेटबाहेर. वेन नावाच्या पोराला नुसती झाकण लावलेली बाटली चहाच्या खोलीत नेली म्हणून काढलं होतं, त्याचा डबासुद्धा कपाटातच राहिला. म्हणून लिंडसेने जेव्हा विचारलं, "या वेळी काय वेगळं केलंस?", तेव्हा मी म्हटलं, "काच टेबलावर विसरले आणि स्मोकोला गेले." वहीत लिहिलं: काच ३१२, स्मोकोनंतर बुडवली. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या एका वाक्याने माझी नोकरी वाचली आणि मी विसरभोळी झाले.

नंतरच्या तीन वर्षांत लिंडसेने दमट हवेची पेटी बांधली, रिफायनरीत चाचण्या झाल्या, आणि आता पेटंटचा अर्ज जायचा होता. त्यासाठी ही वकीलबाई, इमोजेन टॅफ, शहरातल्या कॉलिन्स स्ट्रीटवरून ट्रेनने आली होती. तिशीची असेल. बूट ओले, नाक लाल. बैठकीची खोली गळत होती म्हणून तिला चहाच्या खोलीतच बसवलं, समोर लिंडसे आणि मी. त्याच बंबाशेजारी.

"शोध कुणाचा, ते नीट लिहावं लागतं," ती म्हणाली. "एक जरी नाव चुकीचं गेलं किंवा राहून गेलं, तर उद्या दुसरी कंपनी तेवढ्यावरून पेटंट पाडायला बघते. म्हणून मी प्रत्येकाला विचारते. मिसेस डेसी, तुमच्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलंय. फार गोड गोष्ट आहे."

"हो. दरवर्षी आणखी गोड होते," मी म्हटलं.

"फक्त तुमचं एवढं निवेदन हवंय, की काच तुम्ही विसरलात. कायदा कल्पना कुणाची ते बघतो. काम कुणी केलं हे नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून जो करतो, किंवा ज्याच्याकडून चुकून होतं, त्याला आम्ही... रागावू नका हं, कायद्यातलाच शब्द आहे... नुसते हात म्हणतो."

"रागवायला दम लागतो, बाळा. कुठे सही करू?"

खरंच सांगते, मी करणार होते. पेन उघडलं होतं. तीन दिवस राहिले होते. नाव लागलं काय, न लागलं काय, गुडघे तेच राहणार. पण ती पोर काटेकोर. म्हणाली, आधी अर्जातला तुमच्याशी संबंध असलेला भाग वाचून दाखवते, ऐकून मग करा.

"'ओतलेला थर सव्वीस अंश तापमानाच्या, ब्याऐंशी टक्के दमट हवेत पंधरा ते वीस मिनिटं ठेवावा, आणि नंतर पाण्यात बुडवावा.'" तिने मान वर केली. "डॉक्टर, हे पंधरा ते वीस कसं ठरलं? विरोधक पहिलं हेच विचारतील."

लिंडसेने घसा साफ केला. "प्रयोगातून. बऱ्याच प्रयोगांतून."

मला हसू फुटलं. दमलेल्या माणसाचं हसू, ते आवरत नाही. "पंधरा म्हणजे स्मोको. नियमाने पंधराच मिनिटं मिळतात. वीस म्हणजे क्लॅरी दुसरा सॉसेज रोल घेतो तेव्हा."

इमोजेन हसली नाही, तिने लिहून घेतलं. लिंडसे कपात बघत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ते आकडे शिरले.

"परत वाच," मी म्हटलं. "तो हवेचा आकडा."

"सव्वीस अंश. ब्याऐंशी टक्के."

"हा पेटीचा आकडा?"

"पेटी या आकड्यावर बांधली. आकडा आधीचा आहे," ती कागद उलटत म्हणाली. "नोंद तीनशे बाराव्या काचेनंतर पाच दिवसांची."

प्रयोगशाळा एकवीस अंश. कोरडी ठक्क. काच टेबलावर विसरली होती असं ज्याला वाटतं, तो माणूस टेबलावरची हवा मोजेल. सव्वीस आणि ब्याऐंशी कुठून आणेल? अख्ख्या शेडमध्ये एवढी दमट जागा एकच आहे, आणि आम्ही तिघं तिथेच बसलो होतो.

"लिंडसे," मी म्हटलं, "हवा मोजायचं यंत्र कुठे टांगलं होतंस?"

त्याने हनुवटीने बंबाशेजारची फळी दाखवली.

"रविवारी आलो होतो," तो म्हणाला. "टेबलावर परत परत करून बघितलं, जमेना. मग फळीवर द्रावणाचा एक थेंब दिसला, वाळलेला. बंब लावला, कोट ओले करून टांगले. नोरीन, मी बोललो असतो तर तुला वेनसारखं काढलं असतं."

"त्या आठवड्यात, हो. आणि नंतरचे बार्बेक्यू?"

मला राग आला का? आला. पण त्याहून जास्त लाज वाटली. इतके दिवस मी त्याला फसवतेय म्हणून माझं मन मला खात होतं. आणि तो माझीच थाप मला दरवर्षी ग्लास उचलून ऐकवत होता.

मी पेनाला टोपण लावलं. "लिहून घे, बाळा. मी विसरले नव्हते. काच मी मुद्दाम इथे आणली."

"का आणलीत?" ती पटकन म्हणाली. तिचं लाल नाक जणू शुद्धीवर आलं. "हेच महत्त्वाचं आहे. आणताना तुमच्या मनात काय होतं?"

"कस्टर्ड."

मी तिला आईची ताटली सांगितली, साय सांगितली. ती भराभर लिहीत गेली. मग थांबून म्हणाली, "हे असं दिलं तर मॅनेजर वाचणार. पेटणारं द्रावण, बंब... तुम्हाला त्रास होऊ शकतो."

लिंडसे पुढे सरकला. चेहरा पांढरा पडला होता, पण बोलला ते मनापासून, हे मी आजही मानते. "असं लिहा, की काच इथे आणायला मी सांगितलं होतं. प्रमुख मी आहे. नियम मोडला तो मी. तिच्यावर काही येणार नाही."

किती चांगला माणूस. बावीस वर्षं गुडघे दुखतात म्हणून मला रोज गाडीतून नेतो-आणतो. आताही माझा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेत होता. आणि त्याला कळतसुद्धा नव्हतं तो काय उचलून नेतोय.

"तू सांगितलं असतंस," मी म्हटलं, "तर मी पुन्हा नुसते हातच ना रे?"

इमोजेनचं पेन हवेतच राहिलं.

"नाही. गुन्हा माझा राहू दे. तो काढून घेतलास तर कल्पना पण जाते. हाकलायचं तर हाकला, पण ती काच मी नेली."

तिने तसं लिहिलं. मी सही केली. द्रावण आणि त्यातली रसायनं लिंडसेची, वाफ माझी, म्हणून दोन नावं गेली. गॅरो आणि डेसी. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने आपलं नाव आधी यायला हवं, असं मला उगाच वाटून गेलं.

मॅनेजरने गुरुवारी पत्र दिलं. काढलं नाही. लेखी ताकीद: यापुढे असं घडल्यास कठोर कारवाई होईल. शुक्रवारी निवृत्त होणाऱ्या बाईला 'यापुढे'. क्लॅरीने ते पत्र फ्रीजवर चुंबकाने लावलं. निरोपाला लॅमिंगटन केक आणले होते. लिंडसेला दोन शब्द बोल म्हणाले, तर सगळे सवयीने हसायच्या तयारीत. तो उठला, "नोरीन," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. क्लॅरीला काय ओरडावं कळेना.

संध्याकाळी नेहमीसारखं त्याने घरी सोडलं. फाटकापाशी गाडी थांबवून इंजिन बंद केलं, एरवी कधी करत नाही.

"तू मला सांगायला हवं होतंस," तो म्हणाला. "मी कुणाला बोललो नसतो."

"तू विचारायला हवं होतंस. दिवसाला दोन स्मोको, लिंडसे. तीन वर्षं. एकाच बंबाचा चहा प्यालो आपण."

तो समोरच्या काचेकडे वळला. "विचारलं असतं," तो म्हणाला, "तर ते माझं एकट्याचं राहिलं नसतं."

निदान हे तरी खरं बोलला. मला त्याची कीव आली, आणि मी फार दमले होते.

तो उतरला, रोजच्यासारखा वळसा घालून माझ्या बाजूला आला, दार उघडलं आणि मला उठवायला हात पुढे केला. बावीस वर्षं तो हात धरून मी उतरत आले होते. आज मी दाराची कड धरली, एक पाय खाली टाकला, मग दुसरा. वेळ लागला, पण उतरले.