शिजत्या घेवड्याचं वजन

जप्तीच्या कागदावर चार वस्तू होत्या: अ‍ॅल्युमिनियमचा कुकर एक (आत शिजता काळा घेवडा), कुकरचं झाकण एक, लाकडी डाव एक, मोबाइल एक. कुकरपुढे झाकणाशिवायचं वजन होतं, तीन किलो चारशे ग्रॅम. फॉर्मात वजनाचा रकाना होता आणि पोलिसाकडे काटा नव्हता, म्हणून त्याने माझा मागितला. क्युबात रेशनला जाताना हातकाटा पिशवीत ठेवावाच लागतो. माझा पाच ग्रॅमपलीकडे चुकत नाही. प्रयोगशाळेत तपासून घेतला आहे. पोलिसाने कुकर हुकाला टांगला, आकडा वाचला, "गरम आहे," म्हणाला आणि तेही लिहिलं.

त्या दिवशी एकोणीस तासांनी वीज आली आणि पन्नास मिनिटं टिकली. तेवढ्यात आईने घेवडा चढवला. वीज पुन्हा गेली तशी गल्ली रिकामी भांडी बडवत रस्त्यावर उतरली. आई दारातूनच ओरडली, "अर्धकच्चं किती दिवस खायचं आम्ही?" तिचा गुन्हा एवढाच. पोलीस आले तेव्हा सगळे पळाले, आणि आमचं दार उघडं होतं.

आरोप ठेवला तो कुकर बडवून जमावाला चिथावल्याचा. अकरा महिने तिला कोठडीत ठेवलं. खटला पस्तीस मिनिटं चालला.

"भरलेला कुकर बडवता येत नाही," आमचा वकील म्हणाला. "घेवडा सांडला असता. तो आत होता हे पोलिसांच्याच कागदावर आहे."

सरकारी वकिलाने टेबलावरचा कुकर उचलून पालथा धरला. घासून लख्ख केलेला होता. "कुठे आहे घेवडा?"

मागच्या बाकावरून आमचे शेजारी रामिरोकाका म्हणाले, "ठाण्यात विचारा. मीठ कमी पडलं असेल तर तेही सांगतील."

न्यायाधीशबाईंनी त्यांना बाहेर काढलं. मग म्हणाल्या, "न्यायालयापुढे रिकामा कुकर आहे." आईला पाच वर्षं.

नेताना आई मला म्हणाली, "झाकणाचं रबर बघून घे. तेही खाल्लं असेल त्यांनी."

अपिलाला दहा दिवस होते. खिडकीमागच्या कारकून मिग्दालियाबाईंनी कुकर आणि पावती पुढे सरकवली. "पुराव्यातून मोकळा झाला. सही कर आणि ने."

पावतीवर छापलं होतं: जप्त केला त्याच स्थितीत परत मिळाला. खाली माझी सही पडली की घेवडा कधी नव्हताच, आणि अपिलात म्हणायला काही उरत नव्हतं.

मी पिशवीतून तोच काटा काढला.

"हे रेशनचं दुकान नाही, पोरी."

"दुकानात निदान आपल्यासमोर मापतात, बाई."

"सही नाही तर कुकर नाही. माझी जाऊ सहा महिने कुकर शोधतेय, आणि तुला नखरे सुचतायत."

"सही करते. वजन लिहून करते."

त्यांनी मागे पाहिलं. न्यायाधीशबाई जेवायला गेल्या होत्या. मिग्दालियाबाईंनी कुकरचं झाकण काढून बाजूला ठेवलं, माझ्या हातातून काटा घेतला आणि कुकर स्वतःच हुकाला लावला.

"मी वाचते, तू लिही. शिक्का मी मारते."

मी छापील ओळ खोडून वर लिहिलं: झाकणाशिवाय, रिकामा, एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम.