टायरातलं अस्तर

कडा गावात टायरच्या आत अस्तर न घालता सायकल बाहेर काढणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर मूर्ख. वेडी बाभूळ बांधावर आहे, नदीत आहे, देवळामागं आहे, आणि तिचा काटा कुणाची गय करत नाही. म्हणून जुन्या टायरच्या कडा कापायच्या, वरची नक्षी तासायची आणि उरलेली पट्टी चांगल्या टायरच्या आत घालायची. या कामात शहेबाजचा हात धरणारा आष्टी तालुक्यात कुणी नव्हता.

शहेबाजचं सायकलचं दुकान बसस्टँडसमोर. रामेश्वर त्याचा शाळेपासूनचा दोस्त. घरची बागायत, सुटलेलं पोट, भित्रा स्वभाव. लडाखचं खूळ मूळचं शहेबाजचं. त्यानं एकदा मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. बर्फाच्या डोंगरांतून गेलेली एका चाकापुरती वाट, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही, आणि त्यावरून सायकली हाकणारी माणसं.

"आपुन जायाचं," शहेबाज म्हणाला.

"मरायला?"

"मरायला कड्यात काय जागा कमी हाय का बे?"

तेव्हापासून दोघं रोज सकाळी बालाघाटाच्या डोंगरावर शेरडांच्या वाटेनं सायकली घालू लागले. शहेबाज पुढं, रामेश्वर ब्रेक आवळून मागं. उतार आला की पुढून आरोळी यायचीच. "ब्रेक सोड बे! सायकलला वाट दिसती, तू कावून भितोस?" अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका मार्चात त्यांनी लडाखच्या सायकल सहलीसाठी खरोखरच नावं नोंदवली आणि नवी टायरं मागवली. रामेश्वरची साधी काळी, शहेबाजची नारिंगी काठाची. वर फोटो काढला की आपली सायकल लांबून ओळखू आली पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

त्याच महिन्यात शहेबाजच्या छातीत कळ आली. नगरच्या डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली आणि बजावलं, गावात हळूहळू सायकल फिरवा, पण तेवढ्या उंचीचं नावसुद्धा काढू नका.

"मंग मी बी जात न्हाई," रामेश्वर म्हणाला.

शहेबाजनं हातातला पाना भिंतीवर फेकला. "दोघं घरी बसून काय अंडी उबवायची? जा तू. बघून ये, अन् मला सांग."

रामेश्वरची सायकल त्यानं स्वतः तयार केली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्याची स्वतःची सायकल खुंटीला टांगलेली होती, वर चादर. डोळ्यांसमोर नको म्हणून झाकली असेल, असं रामेश्वरला वाटलं. त्यालाही तिकडं बघवत नव्हतं, म्हणून त्यानं चादर उचलून पाहिली नाही.

ऑगस्टात तो लडाखला पोचला तेव्हा सोबत बारा अनोळखी माणसं होती. उंच खिंड चढायच्या दिवशी तो सगळ्यांच्या मागं पडला. चार पावलं टाकली की छातीचा भाता व्हायचा. लडाखी वाटाड्यानं त्याची सायकल उचलून पाहिली, चाक फिरवलं आणि हिंदीत विचारलं, यात काय भरलंय? रामेश्वरनं बाभळीच्या काट्यांचं सांगितलं. वाटाड्यानं चहूकडं नजर फिरवली. दगड, धोंडे आणि आभाळ. गवताचं पातंसुद्धा नव्हतं. दोघंही हसले. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याला कोण काय करणार?

मग वाटाड्या गंभीर झाला. दुपारनंतर खिंडीत वारा सुटतो. या चालीनं आलास तर सामानाच्या घोड्यांबरोबर मागं पाठवावं लागेल. ते रबर काढ, हलका होशील.

रामेश्वरनं ओढ्याकाठी मागचं चाक खोललं. अस्तर ओढलं तशी सफाईनं तासलेली पट्टी बाहेर आली. कडेला बोटभर नारिंगी काठ राहिला होता. रबर करकरीत नवं, कुठं झिजलेलं नाही. पुढच्या चाकात त्याच जोडीतलं दुसरं असणार, हे बघायची गरज नव्हती. दुकानाच्या कोपऱ्यात जुन्या टायरांचा ढीग पडला असताना शहेबाजनं स्वतःची टायरं कापली होती. चादरीखाली नुसत्या रिंगा होत्या. पुढंमागं कधीतरी जाऊ, एवढीसुद्धा आशा त्यानं स्वतःसाठी ठेवली नव्हती. जे काही होतं ते सगळं या सायकलीबरोबर वर पाठवून दिलं होतं.

रामेश्वरला रडू फुटलं. तिथं रडायलाही दम लागतो.

वाटाड्या घड्याळाकडं बघत होता. रामेश्वरनं नाक पुसलं आणि अस्तर पुन्हा टायरात घातलं. वाटाड्यानं कपाळाला हात लावला, पण मागं पाठवलं नाही. त्याला समजावण्याइतकी हिंदी रामेश्वरकडं नव्हती.

तो कधी सायकलवर बसला, कधी तिला ढकललं, एकदा दांडीवर डोकं टेकून उभाच राहिला. मागं फिरला मात्र नाही. खिंडीत पोचला तेव्हा वारा सुटलेला होता आणि बाकीचे उतरायला लागले होते. पलीकडं डोंगरामागं डोंगर होते, आणि त्यांच्या अंगावरून ती व्हिडिओतली वाट गेली होती. "बघ बे," तो मोठ्यानं म्हणाला. ज्याला म्हटलं तो तिथं नव्हता. एवढी वर्षं ज्याच्या पाठीकडं बघून सायकल हाकली, ती पाठ पुढं नव्हती, आणि तिच्यावाचून ती वाट त्याला फार मोठी वाटली.

उतारावर आरोळी आली नाही. त्यानं आपणहून ब्रेक सोडले. जड चाकं वाटेला धरून होती.

कड्याला परतल्यावर तो घरी न जाता सरळ दुकानात गेला. शहेबाजनं राम राम नाही की काही नाही, आधी मागचं टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"अस्तर काढलं न्हाईस?"

"न्हाई."

"येडा हाईस का? लई जड गेलं असंल."

"तू कवा हलका हुतास बे?"

शहेबाज खाली बघत उगाच पॅडल फिरवत राहिला. मग त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पंक्चर काढायच्या टबाजवळचं स्टूल रामेश्वरकडं सरकवलं आणि स्वतः खाली पोत्यावर बसला.

"आता सांग," तो म्हणाला. "पयल्यापासनं सांग. घाई करू नको."