परत पाठवलेली शिफारस

शुक्रवारी सकाळी मी पेसरट्टू, म्हणजे मुगाचे डोसे, घालत होते, तेवढ्यात बिंदू स्वयंपाकघरात अशी धडकली की माझ्या हातातलं उलथनंच खाली पडलं.

"अत्तय्या, मॅडमचा फोन आला! मी त्यांना आवडले!"

बिंदू म्हणजे माझी सून, हिमबिंदू. लग्नाआधी हैदराबादला चांगल्या नोकरीत होती. लेक झाली, राजमहेंद्रीला आमच्याकडे राहायला आली आणि नोकरी सुटली ती सुटलीच. आता लेक मोठी झाली, म्हणून बिंदूने विशाखापट्टणमच्या एका कंपनीत अर्ज केला होता. त्या कंपनीच्या सगळ्या आंध्रभर शिकवणीच्या शाखा आहेत, आणि त्या शाखा सांभाळायला त्यांना माणूस हवा होता. ऑफिसला जायचं आठवड्यातून दोनदा, बाकी काम घरून. पगार तिने माझ्या कानात सांगितला. मी तो दोनदा विचारून घेतला.

"म्हणजे लागली नोकरी?"

"अजून नाही. एक अडचण आहे." तिने फोन माझ्यासमोर धरला. "हे माझं लिंक्डइनवरचं पान. इथे कोणी कुठे काय काम केलं ते दिसतं. माझी मागची सात वर्षं कोरी आहेत. शर्वाणी मॅडम म्हणाल्या, तुम्ही घरच्या शिकवणीबद्दल, निलयमबद्दल जे बोललात ते मला पटलं, पण बाकीचे कशावरून मानणार? ज्यांच्याबरोबर काम केलंत त्यांना तिथे शिफारस लिहायला सांगा. उद्या संध्याकाळी सहाला त्यांची बैठक आहे. त्याआधी."

"एवढंच? अगं, मग तुझे सासरे, मावय्यागारू, आहेत की घरात!"

माझा पेसरट्टू जळून कोळसा झाला होता. मला त्याचं काही वाटलं नाही. मी गॅस बंद केला आणि बाहेर पळाले. या वयात मी पळत नाही, पण त्या दिवशी पळाले.

आमचे हे, म्हणजे कोटेश्वरराव, सरकारी शाळेत हेडमास्तर होते. निवृत्त झाल्यावर घराच्या खालच्या मजल्यावर यांनी 'कोटेश्वरराव गणित निलयम' काढलं. दहावीचं गणित शिकवावं तर यांनीच, ते मी कुठेही सांगेन. पण गणित सोडलं तर त्या निलयममध्ये यांनी काडी हलवलेली मला आठवत नाही. लॉकडाऊनमध्ये मुलं यायची बंद झाली तेव्हा हे दोन महिने बाल्कनीत बसून कावळे बघत होते. बिंदूने यांच्यासमोर फोन उभा केला, फळ्यावर दिवा लावला आणि वर्ग सुरू केला. आज आमच्याकडे मस्कत आणि दोह्याची मुलं शिकतात. दोन शिक्षक आहेत. हे सगळं तिनेच केलं, आणि एवढं करून घरात तिला सगळे 'काही करत नाही, घरीच असते' म्हणायचे. मीही म्हणत असे.

"शिफारस?" हेडमास्तरांनी पेपर बाजूला ठेवला. चेहरा असा खुलला की विचारू नका. "आण बघू माझा फोन. जुन्या विद्यार्थ्यांनी माझंही पान काढून दिलंय तिथे. असल्या शिफारशी मी झोपेतसुद्धा लिहितो."

ते मात्र खरं. या गावात बँकेच्या मॅनेजरपासून रिक्षावाल्यापर्यंत कोणाचीही पेटी उघडा, यांच्या सहीचा वर्तणुकीचा दाखला निघेल. मजकूर सगळ्यांना एकच. चोरी करून पळालेल्या एकालाही यांनी तोच दिला होता.

बिंदू मदतीला बसते म्हणाली, तर तिला हाकललं. एका बोटाने टाइप करत बसले. जेवायला बोलावलं तर म्हणे, "थांब, शेवटचं वाक्य राहिलंय." आम्ही दोघी आत बसून होतो. बिंदूचा पाय सारखा हलत होता. शेवटी तिचा फोन वाजला आणि ती मोठ्याने वाचू लागली. चांगलं चोपडं इंग्रजी होतं, मला तिने अर्थ सांगितला.

"श्रीमती हिमबिंदू या माझ्या चिरंजीवांच्या पत्नी असून मी त्यांना चौदा वर्षांपासून ओळखतो. त्या आज्ञाधारक, सुस्वभावी व वडीलधाऱ्यांचा मान राखणाऱ्या आहेत. माझ्या संस्थेत त्यांनी प्रसंगी साहाय्यही केले आहे. त्यांची वर्तणूक समाधानकारक असून भावी आयुष्यासाठी त्यांना शुभेच्छा."

बिंदू हसायला लागली. मीही हसले. मग तिचं हसणं मध्येच थांबलं आणि ती फोनकडे बघत राहिली.

"प्रसंगी साहाय्य," ती म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "हे तुला कामवाली म्हणून ठेवायला चांगलं आहे! हे त्या बाईंनी वाचलं तर तुझं झालंच काम. पुसून टाक."

"पुसायचं नसतं, अत्तय्या. इथे दोन बटणं आहेत. एक दाबलं की हे माझ्या पानावर दिसेल. दुसरं दाबलं की लिहिणाऱ्याकडे दुरुस्तीला परत जाईल."

"मग परत पाठव."

"मावय्यागारूंना?" तिने डोळे मोठे केले. "त्यांचं लिहिलेलं? ते चिडतील."

"चिडू देत. यांचं चिडणं मी लग्नापासून बघतेय, त्याने आजवर कोणी मेलेलं नाही. दाब!"

तिने आधी एक ओळ लिहिली, 'मावय्यागारू, मी काय काम केलं ते लिहाल का?' आणि डोळे मिटून बटण दाबलं. बाल्कनीत फोन टिंग वाजला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

"माझा पेपर परत पाठवला?" हेडमास्तर दारात उभे. लुंगी एका हातात, फोन दुसऱ्या हातात. "मला? जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्याने कधी माझा कागद परत पाठवला नाही, आणि घरातली सून दुरुस्ती सांगते?"

"मावय्यागारू, तसं नाही—"

"चूक काय आहे त्यात? एक चूक दाखव!"

बिंदू मागे हटली नाही. मला तिचा असा अभिमान वाटला. "चूक नाहीये," ती म्हणाली, "पण मी त्यात नाहीये."

एवढं बोलून ती लेकीला शाळेतून आणायला निघून गेली. आता मैदानात आम्ही दोघंच राहिलो, आणि मी पदर खोचला.

"काय हो मास्टारू, दोह्याच्या मुलांचं वेळापत्रक कोण लावतं?"

"ते... ती लावते."

"नव्या शिक्षकाला कोणी नेमलं? तुम्ही तर त्याला दारातूनच परत पाठवत होतात, केस लांब आहेत म्हणून."

"तो चांगला निघाला, मान्य आहे."

"आणि मागच्या महिन्यात त्या धान्यवाल्याने खाली येऊन तमाशा केला, मुलाला मार्क कमी का म्हणून. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"माझं डोकं दुखत होतं."

"कपाटाच्या मागे दुखत होतं!"

ते खाली बसले. मग आवाज उतरला. "माणिक्यम, हे सगळं मी तिथे लिहू? माझे जुने विद्यार्थी आहेत तिथे. सगळं गाव आहे. लोक म्हणतील, कोटेश्वररावाचं नुसतं नाव, सगळं चालवते सून."

"म्हणू देत. खोटं तर नाही ना म्हणणार?"

ते बसल्या बसल्या लुंगीचा काठ गोळा करत राहिले. माझा राग अजून नाकावर होता, पण यांना मी चांगलं ओळखते. एवढ्या थोड्या बोलण्याने हे गप्प होत नाहीत.

"खरं सांगा," मी म्हटलं, "लोकांचं सोडा. तुम्हाला भीती कसली वाटते?"

"ती गेली तर," ते हळूच म्हणाले, "सोमवारी वर्ग सुरू कसा करायचा तेसुद्धा मला येत नाही. कुठलं बटण दाबते ती, देव जाणे. मुलं समोर दिसतात आणि मी शिकवायला लागतो. त्याच्या आधीचं मला काहीच माहीत नाही."

"हेच लिहा की!"

"हेच म्हणजे?"

"हेच. आत्ता जे बोललात ते."

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी त्यांना वर्गात उभं राहून अवघड प्रश्न विचारला होता. मग उठून खाली गेले आणि वर्गाचं दार लावून घेतलं.

शनिवारचा दिवस कसा गेला ते माझं मला माहीत. हेडमास्तर जेवायला वर आले, रसम-भात जेवले, परत खाली. बिंदू दर पाच मिनिटांनी फोन बघायची आणि मी दर पाच मिनिटांनी बिंदूला बघायची. फणींद्रचा, माझ्या मुलाचा, काकीनाड्याहून फोन आला. "मी नान्नांशी बोलू का?" म्हणाला; वडिलांना तो नान्ना म्हणतो. मी त्याला सांगितलं, अजिबात नाही, मध्ये पडलास तर सगळा राग तुझ्यावर निघेल. चार वाजता मी जिन्यात जाऊन कान लावला. आतून काहीच ऐकू येईना. पाच वाजले. बिंदू म्हणाली, "जाऊ दे अत्तय्या, नशिबात नाही," आणि डोळे पुसून चहा टाकायला उठली. मला तर खाली जाऊन यांच्या डोक्यावर फळाच आपटावासा वाटत होता.

चहाला उकळी आली आणि तिचा फोन वाजला.

दोघी एकदमच धावलो, आमची डोकी आपटली. या वेळी तेलुगूत लिहिलेलं होतं. ती मोठ्याने वाचायला लागली.

"मी गणित शिकवतो. त्याखेरीज मला काही येत नाही, हे लॉकडाऊनमध्ये कळलं. मुलं यायची बंद झाली तेव्हा माझी संस्था संपली असं मी धरून चाललो होतो. हिमबिंदूने ती पुन्हा उभी केली. वेळापत्रक ती बांधते, फी ती ठरवते, गरिबाच्या मुलाला कधी माफ करायची तेही तीच ठरवते. मला नको असलेला शिक्षक तिने ठेवला आणि आज तो माझ्यापेक्षा बरा शिकवतो. पालक भांडायला येतात तेव्हा मी आत जातो, ती बाहेर जाते, आणि जाताना पालक तिचे आभार मानतात. सात वर्षांत तिने एकही सुट्टी घेतली नाही आणि मी एकदाही तिला शाबास म्हटलं नाही. ती गेली तर सोमवारी वर्ग कसा सुरू करायचा मला माहीत नाही. तरी तिला घ्या."

मी रडले. लपवत नाही, चांगली हुंदके देऊन रडले. या माणसाबरोबर सगळा संसार केला, पण यांना असं लिहिता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

"अगं, दाब ना ते बटण!" मी म्हटलं. "सहा वाजतील!"

बिंदूचा अंगठा मात्र मध्येच थांबला. कपाळाला आठ्या पडल्या. "अत्तय्या, घोटाळा झालाय."

"आता काय?"

"शिफारस लिहिताना तिथे नातं निवडावं लागतं. कोण कोणाचं वरिष्ठ, त्याची यादीच येते. ती ओळ शिफारशीच्या वर दिसते. मावय्यागारूंचं बोट चुकून दुसरीकडेच पडलंय."

हेडमास्तर जिन्याच्या तोंडाशी उभे होते. केव्हा वर आले होते कोणास ठाऊक. हाताला खडूची पांढरी भुकटी.

"मावय्यागारू," बिंदू अवघडून म्हणाली, "इथे उलटं आलंय. 'कोटेश्वरराव हे हिमबिंदू यांच्या हाताखाली काम करत होते' असं दिसतंय. दुरुस्तीला परत पाठवू का? पण वेळ फार कमी—"

"गरज नाही," हेडमास्तर म्हणाले. "उत्तर तपासून दिलंय. पुढे जा."

बिंदू त्यांच्याकडे बघतच राहिली. शेवटी तिचा अंगठा मीच धरला आणि दाबला.

त्यानंतरचा तासभर मी कशी जगले विचारू नका. बिंदू घरभर फेऱ्या मारत होती, मी डब्यातल्या पूतरेकुलूच्या गोड सुरळ्या एकामागून एक खात होते, आणि हेडमास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत होते. मग फोन आला. शर्वाणी मॅडम. बिंदूने आवाज मोठा केला.

"हिमबिंदू, बैठक झाली. मला एकच गोष्ट विचारायची आहे. हे कोटेश्वरराव तुमच्या हाताखाली होते ना? माणूस कामाला कसा आहे?"

हेडमास्तर ताठ उभे राहिले. खांदे मागे, हात बाजूला. बिंदूने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत मिश्किल हसू आलं.

"चांगले आहेत मॅडम. पहिल्यांदा सांगितलं की चिडतात. दुसऱ्यांदा सांगितलं की जीव ओतून करतात."

पलीकडे बाई खळखळून हसल्या. "आमच्या प्रत्येक शाखेत असा एकेक बसलाय. सोमवारपासून सांभाळा त्यांना."

मी अशी किंचाळले की समोरच्या गच्चीवर कपडे काढत असलेल्या वरलक्ष्मम्मा घाबरून कठड्याशी धावत आल्या. "काय झालं हो? काय झालं?"

हेडमास्तरच बाल्कनीत गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "काही नाही! आमच्या मॅडमना नोकरी लागली!"