उभं धरून

...थेंब अजून ड्रॉपरच्या टोकाला लोंबत होता. काच जिथं निमुळती होत जाते तिथं तो फुगला, थांबला, आणि त्रिंबकनं आपला श्वास धरला. खरं तर आता असा श्वास धरायचं काही कारण उरलं नव्हतं. खार मोठी झाली होती. भुईमुगाचा दाणा दोन्ही पंजांत धरून कुरतडत होती, भिंतीवरून थेट आढ्यापर्यंत पळत होती. सकाळचं हे चार थेंब दूध म्हणजे तिची नुसती सवय होती... की त्याची? तिनं पुढचे पाय काचेवर टेकले, जीभ काढली, थेंब गेला. त्रिंबकचं लक्ष जिभेकडे नव्हतं. तो तिच्या नाकाकडे बघत होता. नाक कोरडं आहे ना — आहे. मगच त्यानं ड्रॉपरचं रबर पुन्हा हलकं दाबलं.

"तिरमक," चुलीपाशी बसलेल्या त्याच्या आईनं, बायनाबाईनं, मान न वळवता म्हटलं, "आज सून येतीय. ध्येनात हाय न्हवं?"

"हाय."

"मंग त्या उंदरीला लाव वाटंला. तान्ह्या लेकराच्या घरात असलं जनावर नगं. कान कुरतडला म्हंजे?"

"चावत न्हाई ती, माय."

"आज न्हाई चावत." एवढंच बोलून तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

खार त्याच्या बाहीवरून खांद्यावर आली आणि तिथून सदऱ्याच्या खिशात उतरली. शेपटी तेवढी बाहेर. त्या इवल्याशा वजनाखाली आपलं काळीज धडधडतंय हे त्याला कळत होतं, आणि ते खारीसाठी नव्हतं. तीन वाजता गाडी. तीन वाजता विमल उतरणार, तिच्या हातात ती सव्वा महिन्याची पोर, आणि विमल म्हणणार, धरा.

धरा म्हणाली तर काय करायचं?

त्रिंबक गावातल्या दूध सोसायटीत दूध तपासायला होता. पहाटे बायका-माणसं चरव्या घेऊन यायची, तो दुधात काचेची नळी बुडवून घनता बघायचा, ॲसिड घालून फॅट काढायचा. दहा कॅन जायचे एकेकाळी इथून तालुक्याला. यंदा सलग तिसरं वरीस कोरडं गेलं आणि दीड कॅन भरायची मारामार झाली. जनावरं एकतर चारा-छावणीवर गेली होती, नाहीतर बाजारात. उरलेल्यांसाठी माणसं झाडं ओरबाडत होती. चैत्रात त्यानंही तेच केलं — सोसायटीमागच्या कडुलिंबावर चढून दारच्या शेळीसाठी फांदी तोडली, आणि फांदीबरोबर काथ्याचा, कापसाचा, कुणाच्या तरी लुगड्याच्या चिंध्यांचा एक गोळा खाली पडला. त्यात तीन पिलं. डोळे मिटलेली, अंगावर नुसती मखमल उगवू लागलेली, बोटाएवढी. खारीण वरच्या फांदीवरून ओरडत राहिली. मग दुपारी ओरडणं थांबलं. ती गेली की घार घेऊन गेली, त्याला कधी कळलं नाही.

पहिलं पिलू त्यानं तळहातावर उताणं झोपवलं आणि शाईच्या ड्रॉपरनं त्याच्या तोंडात दूध सोडलं. ते चोखू लागलं तेव्हा त्याला केवढा आनंद झाला होता! मग पिलाच्या नाकातून दुधाचा बुडबुडा आला. फुटला. दुसरा आला. तासाभरात पिलू गार. दुसऱ्या दिवशी दुसरं, तसंच. तिसऱ्याला हातात घेऊन तो सोसायटीच्या पायरीवर बसला होता तेव्हा छबुबाई आली. एका शेळीवर घर चालवणारी म्हातारी, आयुष्यभर पोरकी करडं वाढवलेली.

"असं उताणं पाजतेत व्हय रे?" ती म्हणाली होती. "उभं धर. मान वर, पोट खाली. आडवं पाजलं की दूध छातीत उतरतंय. मानसाचं असू दे न्हाईतर जनावराचं, लेकरू उभं धरूनच पाजावं."

ती सहज बोलली. चरवी पुढे केली, दूध मोजून घेतलं, गेली. आणि त्रिंबक तिथंच बसून राहिला — हातात ते पिलू, आणि समोरचा सगळा रखरखीत उजेड हळूहळू बाजूला सरकून मागून एक वेगळीच सकाळ वर येऊ लागलेली...

तीन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष. त्यांचा पहिला पोरगा, कैलास, दोन महिन्यांचा. विमल तापानं फणफणलेली, अंगावरचं दूध आटलेलं. माय कापूस वेचायला गेलेली. घरात तो एकटा शहाणा. त्यानं दूध कोमट केलं, बोंडल्यात घेतलं, कैलासला दुमडलेल्या गोधडीवर झोपवलं. झोपवलं. उताणं. बोंडल्याची चोच त्याच्या ओठांशी नेली, पोरगं घटाघट पिऊ लागलं, मधेच ठसकलं, डोळे मोठे करून बापाकडे बघितलं, पुन्हा ठसकलं. त्यानं त्याचं तोंड पुसलं. नाक पुसलं. नाकही पुसलं होतं — हे त्याला इतकी वर्षं आठवलंच नव्हतं, की आठवूनही त्यानं मागं ढकललं होतं? पोरगं झोपलं. शहाणं लेकरू, किती गाढ झोपलं, असं वाटलं होतं त्याला. सांजेला श्वासाची शिट्टी वाजू लागली, बरगड्यांखाली खड्डे पडू लागले. जीप करून केजला नेलं. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ झालाय, फार उशीर केला. लोक म्हणाले, थंडी बाधली. त्यानंही म्हटलं, थंडी बाधली.

आणि विमल म्हणाली, "माझ्या ग्लानीत त्याच्या अंगावरची गोधडी सरकली." पुढं दर थंडीला ती तेच म्हणत राहिली. उठून बसायची, रिकाम्या पाळण्यात गोधडी सारखी करायची, पुन्हा आडवी व्हायची. तो बघायचा. तो म्हणायचा, जाऊ दे गं. एवढंच. तेव्हा तरी त्याला नक्की काय माहीत होतं! पण छबुबाईच्या त्या शब्दांनंतर माहीत नाही असं म्हणायची सोय राहिली नाही. आणि तरीही... खरंच त्यानंच झालं असेल का? की खरोखर थंडीच? डॉक्टर कुठं काही म्हणाले होते? या दोन टोकांमध्ये तो दोन महिने येरझाऱ्या घालत होता आणि मधल्या वेळेत त्या तिसऱ्या पिलाला उभं धरून पाजत होता. दर दोन तासांनी, छबुबाईच्या शेळीचं दूध, अर्धं पाणी घालून. सलाईनच्या बाटलीत कोमट पाणी भरून ती बुटाच्या खोक्यात कापसाखाली ठेवायचा. दूध पाजून झालं की ओल्या कापसानं पोटाखाली पुसायचा, आई चाटते तसं, तेव्हा कुठं ते मुतायचं. डोळे उघडले तेव्हा पिलानं पहिल्यांदा जे बघितलं ते त्रिंबकचं दाढी वाढलेलं तोंड. पुढं ते खिशात राहू लागलं. त्यानं जिभेनं टक् केलं की कुठूनही धावत यायचं, तळहातावरून दाणा उचलायचं, आणि तिथंच बसून खायचं. एका दुपारी, घरात कुणी नसताना, त्यानं खारीला सगळं सांगून टाकलं. मोठ्यानं. दुमडलेली गोधडी, बोंडलं, ठसका. खार दाणा फिरवत राहिली. सांगून हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. उलट ते आता एकदा शब्दांत येऊन बसलं होतं, आणि शब्दांना बाहेरची वाट माहीत झाली होती.

बाराव्याला तो सासुरवाडीला गेला होता. गंगाथडीचं, नदीकाठचं गाव, तिथं अजून विहिरींना पाणी होतं, म्हणून तर विमलला तिकडं धाडलं होतं. मेहुण्याच्या बायकोनं पोर त्याच्यापुढे केली. त्यानं दोन्ही हात मागं घेतले. "हात ॲसिडचे हायेत," तो म्हणाला. सगळे हसले. विमल हसली नव्हती.

दुपारी जेवण न जाता तो उठला. खार खिशातच होती. फाट्यावर एक चिंच होती, सडकेच्या हद्दीतली, म्हणून अजून कुणी तोडली नव्हती. पाटोद्याच्या वाटेवर पानं असलेलं दुसरं झाड दिसत नव्हतं. त्यानं खारीला बुंध्यावर ठेवलं. ती वीतभर वर गेली, थांबली, मागं फिरून त्याच्या मनगटावर आली. पुन्हा ठेवलं. पुन्हा आली. पलीकडच्या फांदीवर कावळा बसला होता आणि मान वाकडी करून बघत होता. खार कावळ्याला भीतच नव्हती. आपण तिला माणसाळवलं म्हणजे काय केलं, त्याच्या मनात आलं — दाणे देऊन तिची भीती काढून घेतली. ती परत कोण देणार तिला? दूध पाजायला शिकलो आपण. भ्यायला शिकवायचं ते तिच्या आईबरोबर गेलं. त्यानं खडा उचलून कावळ्यावर भिरकावला. कावळा उडाला आणि त्या आवाजानं खार दचकली, सरसर वर गेली, पानांत दिसेनाशी झाली. त्याची जीभ टाळूला लागली. टक् करावं, एकदाच... त्यानं तोंड मिटून घेतलं. घामानं सदरा पाठीला चिकटला होता आणि खिसा इतका हलका झाला होता की त्यानं दोनदा चाचपून बघितला.

गाडी धुरळा घेऊन आली. मेहुणा आधी उतरला, ट्रंक डोक्यावर घेऊन, रामराम करून पुढं निघाला. "या तुमी सावकाश. पोरीला ऊन लागू देऊ नका."

विमल चिंचेखाली आली. वाळली होती, पण तोंडावर तेज होतं. पदराआड पोर. त्रिंबकनं पिशवी घेतली, छत्री घेतली, पाण्याची बाटली घेतली. हातात जेवढं मावेल तेवढं घेतलं.

"सगळं घेतलंत," विमल म्हणाली. "हिला तेवढं न्हाई."

"चल, ऊन लई हाय."

ती हलली नाही. "एक इचारू? पोरगी झाली म्हणून का?"

"काय?"

"बाराव्याला बी हात लावला न्हाई. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. आमच्या घरचे म्हनले, जावईबापूला पोरगा पायजे होता. मी म्हनलं, न्हाई, तसे न्हाईत ते. पर मलाच ठाव न्हाई तुमी कसे हायेत."

किती सोपं होतं! त्याला एकदम दिसलं, की 'हो' म्हटलं तरी चालून जाईल. अर्ध्या गावातले बाप असेच असतात. ती चार दिवस रडेल, मग लागेल कामाला, आणि ते दुसरं तसंच खाली राहील, कुणालाही न दिसता. एक क्षण — लाज वाटावी इतका लांब क्षण — तो त्या सोप्या खोट्याकडे बघत राहिला. मग पोर पदराआड कुरकुरली, आणि विमलचा चेहरा तिच्याकडे वळताना इतका घाबरा झाला, एवढ्या उन्हातही तिनं दुपट्याचं टोक पोरीच्या छातीवर असं ओढून घेतलं, की त्रिंबकच्या हातातून छत्री गळून पडली.

"आण," तो म्हणाला.

"ॲसिडचे हात?"

"धुतलेत. आण."

तिनं पोर दिली. त्यानं घेतली ती आडवी नाही. एक हात मानेखाली, एक बुडाखाली, पोट आपल्या छातीशी, मान वर. पोरीचं डोकं त्याच्या गळ्याशी टेकलं, तिचा श्वास कॉलरच्या आत जात होता, गरम, छोटा, आणि पुढचा येईपर्यंत मधे एवढी पोकळी... आला. पुढचा... आला.

"असं धरायला कुणी शिकवलं?" विमल नवलानं म्हणाली. तिच्या आवाजातला राग कुठं तरी निम्मा उतरला होता.

"विमल, कैलासची गोधडी सरकली नव्हती."

तिनं पोरीवरची नजर त्याच्याकडे वळवली.

"मी बघितली होती. नीट होती गोधडी. त्या सकाळी तुला ताप होता, माय रानात गेलती. दूध मी पाजलं. आडवं निजवून पाजलं. ठसकला तो. दोनदा. मी नुसतं तोंड पुसलं... आडवं पाजू नये हे मला ठाव नव्हतं. थंडीनं झालं का त्यानं झालं, ते अजून बी ठाव न्हाई. पर गोधडीनं न्हाई झालं. तू काय केलं न्हाईस."

बोलून झालं. एवढंच होतं ते. तीन वर्षं ज्याच्या भोवती त्यानं कुंपण घातलं ते इतक्या थोड्या शब्दांचं होतं. सडकेवरून पाण्याचा टँकर गेला, मागं ओली रेघ सोडत, आणि ती रेघ बघता बघता वाळली. विमल उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला वाचता येईना. ती आता हात पुढं करील, त्याला वाटलं, पोर हिसकावून घेईल. आणि तसं केलं तर ते बरोबरच असेल, आपण लगेच देऊन टाकू, काही न बोलता. तो वाट बघत राहिला. तिनं हात पुढं केले नाहीत. तिनं खाली वाकून छत्री उचलली, उघडली, आणि ती कुणावर धरावी हे न कळल्यासारखी तशीच हातात घेऊन उभी राहिली.

ही क्षमा होती का? की ती अजून तिथं, त्या सकाळी, तापात, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या स्वतःपाशी पोचतच होती? घरी जाईपर्यंत ती काही बोलेल, की आता जन्मभर बोलणार नाही? त्याला भीती वाटत होती, सकाळपेक्षा जास्तच. पण ती भीती विमल काय करील याची होती, पोर हातात असल्याची नव्हती. एवढा वेळ झाला, आणि पोरीचे श्वास मोजायचे आपण कधी सोडून दिले, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.